पगार बघून पाच जण निवडू नका

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजमेंट गेममध्ये नव्या मॅनेजरची पहिली चूक ठरलेली असते. ट्रान्सफर लिस्ट उघडायची, खिशात मावेल तो सगळ्यात जास्त पगाराचा खेळाडू उचलायचा. असे पाच जमले की झाली टीम! मग ती टीम हरते आणि साहेब गेमलाच शिव्या घालतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ही टीम नाहीच, ही पगारपत्रकातली वरची पाच नावं आहेत.

२००७ पासून चालू असलेल्या या गेममध्ये पगार कसा ठरतो ते आधी बघा. पोझिशनची मुख्य कौशल्यं वाढली की पगार झपाट्याने चढतो, बाकीच्या कौशल्यांचा त्यावर फारसा भार पडत नाही. म्हणजे इनसाइड शॉटमध्ये टोक गाठलेला पण पासिंगच्या नावाने बोंब असलेला सेंटर तिजोरी रिकामी करतो. तेच पासिंग त्याच्याकडे बऱ्यापैकी असतं, तर पगार किंचितच वाढला असता. आणि पाचही जणांना पासिंग येत नसेल तर चांगला शॉट तयारच होत नाही.

बेंचचंही तेच. आठवड्यात तीन मॅचेस म्हणजे १४४ मिनिटं. खेळाडूचा फॉर्म टिकतो साधारण ७० मिनिटांच्या आसपास. त्याहून खूप जास्त पळवलं की तो घसरतो. म्हणजे प्रत्येक जागेला दोन माणसं हवीत. सगळा पैसा पाच जणांवर उडवल्यावर दुसरी पाच कुठून आणणार?

‘पण स्टार तर लागतोच ना?’ लागतो. २००४ च्या एनबीए फायनलमध्ये लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन असे चार होते. डेट्रॉइट पिस्टन्सने त्यांना ४-१ ने हरवलं. त्या पिस्टन्सचा बचाव ज्याच्या जिवावर उभा होता, त्या बेन वॉलेसला १९९६ च्या ड्राफ्टमध्ये एकाही टीमने निवडलं नव्हतं.

आमच्या गोंदियात हे समजायला एनबीए लागत नाही. धानाच्या रोवणीत कोणी चिखलणी करतं, कोणी पऱ्हे उपटतं, कोणी रोवतं. सगळ्या रोवणाऱ्याच बोलावल्या आणि पऱ्हे उपटायला कोणीच नसेल, तर त्या धुऱ्यावर बसून राहतात. मजुरी मात्र द्यावीच लागते.

मला राग गेमचा नाही, या सवयीचा आहे. दहावीचे टक्के, सीईटीचं पर्सेंटाइल, मग पॅकेज. प्रत्येक वेळी एकच आकडा बघून आपल्याला कोणीतरी निवडतं किंवा टाकून देतं. तेव्हा आपण चिडतो. आणि हातात टीम आली की आपणही तेच करतो! सॉफ्टवेअरमध्येही हेच चालतं. भराभर कोड लिहिणारे पाच जण घेतात, आणि तो कोड तपासणारा, बिघडलं की शांतपणे शोधत बसणारा माणूस ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातो.

तेव्हा पुढचा खेळाडू घेण्याआधी पगाराचा रकाना सोडा. आपल्या पाच जणांत रिबाउंड कोण घेतं, पास कोण देतं, समोरच्याच्या गार्डला कोण अडवतं, हे लिहून काढा. जिथे नाव सापडणार नाही, त्या जागेसाठी बोली लावा.