कळंबच्या मुलीने गोल्फ खेळायचा कोठे?

पुणे-नाशिक रस्त्यावरील कळंबच्या आपल्या एखाद्या मुलीने गोल्फपटू व्हायचे ठरवले, तर तिने सराव करायचा कोठे? कांद्याच्या वावरात? हा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्यांनी रेनी पॉवेल हे नाव ऐकलेले नसावे.

रेनी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील काळी मुलगी. बाप विल्यम महायुद्धात लढून परतला, तर गोऱ्यांच्या गोल्फ मैदानावर त्याला मज्जाव! कर्जही नाकारले. पठ्ठ्याने १९४६ साली गोठ्याची जमीन घेतली. रात्री पहारेकरी, दिवसा स्वतःच्या हाताने गवत पेरणारा! १९४८ साली ‘क्लिअरव्ह्यू’ मैदान सर्वांसाठी खुले झाले. तिथेच तीन वर्षांच्या रेनीने स्टिक धरली. विद्यापीठात ती महिला संघाची कर्णधार झाली, १९६७ साली व्यावसायिक खेळाडू. अल्थिया गिब्सननंतरची ही दुसरीच काळी स्त्री. धमक्या आल्या, तरी ती तेरा वर्षे खेळली.

आपल्याकडे काय वेगळे घडले? बाळू पालवणकर पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी लोटत लोटत गोलंदाज झाले, १९११ साली इंग्लंडला गेले. पण हिंदू सहकाऱ्यांनी त्यांना चहा दिला तो मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. आज चळवळीच्या नावाने चालणाऱ्या कितीतरी संस्थांकडे जागा आहेत. एका कोपऱ्यात सरावाची जाळी बांधायला कोणाची वाट पाहता? मंचर-नारायणगावला कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलींना आधी विचारा तरी. स्टिकचे पैसे जयंतीच्या डीजेतून निघतील.