पीक सोडा म्हणण्याआधी

तालिबानने एप्रिल २०२२मध्ये अफगाणिस्तानात अफूच्या लागवडीवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार त्या वर्षी २ लाख ३३ हजार हेक्टरवर असलेले हे पीक २०२३मध्ये १० हजार ८०० हेक्टरवर आले. शेतकऱ्यांचे अफूपासूनचे उत्पन्न सुमारे १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर घसरले. हेलमंद प्रांतात अफूच्या जागी गहू उभा राहिला. तरीही कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांनी याला पीकबदल म्हणू नये.

अफूच्या बोंडांना दुपारनंतर चिरा द्यायच्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडायचा आणि तीच बोंडे पुन्हा चिरायची. या कामाला गव्हापेक्षा कितीतरी जास्त माणसे लागतात. म्हणूनच भूमिहीन कुटुंबांना वाट्याने जमीन मिळे. ‘सलाम’ पद्धतीत व्यापारी पीक हाती येण्याच्या कित्येक महिने आधी, पडत्या भावाने का होईना, उचल देई. बँक नसलेल्या गावात हिवाळ्याचे धान्य, दवाखाना आणि लग्नकार्य त्यावरच निभावे. वाळवलेला चीक वर्षानुवर्षे टिकतो आणि व्यापारी तो दारातून नेतो. डाळिंब-द्राक्षांना मात्र रस्ता, शीतगृह आणि बाजार, सगळेच वेळेवर लागते.

बंदीनंतर भाव कडाडले. ज्याच्या घरात जुना साठा होता, तो तरला; वाटेकऱ्याचे काम गेले आणि पतही गेली. मे २०२४मध्ये बदख्शान प्रांतात पीक उपटायला आलेल्या पथकांशी गावकऱ्यांचा संघर्ष झाला, त्यात माणसे मारली गेली. याआधी तालिबानच्याच २०००च्या बंदीनेही लागवड अशीच कोसळली होती. तालिबानची सत्ता जाताच २००२मध्ये ती ७४ हजार हेक्टरवर परतली. हुकमाने पीक गेले, गरज तशीच राहिली.

अफूने जगभर जी घरे उद्ध्वस्त केली, ती पाहता हे पीक जायलाच हवे. पण ते पीक जी कामे करते, ती दुसऱ्या कोणी तरी करायला हवीत. आपल्याकडे उसाऐवजी कडधान्य घ्या, असे सांगतानाही हाच प्रश्न उभा राहतो: कारखान्यासारखी तोडणीची टोळी कोण पाठवणार, खरेदीची हमी कोण देणार? पर्यायी पिकाच्या शिफारशीत आपण एकरी उत्पन्न आणि नफा आवर्जून मांडतो. त्याच तक्त्यात कर्ज कोठून मिळेल, माल कोण उचलेल, साठवण कुठे होईल आणि मजुराला किती दिवस काम मिळेल, हे चार रकाने घाला. ते भरता येत नसतील, तर शिफारस अजून तयार झालेली नाही.