कबुलीवाचून समेट कसला?

प्रायश्चित्त संस्कारासाठी गेलेला भाविक धर्मगुरूंसमोर ‘झाले गेले विसरून जावे’ एवढेच म्हणाला, तर त्याला पापक्षमा मिळेल काय? मिळणार नाही, हे धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्गातील मूलही सांगेल. मग व्यक्तीला जो नियम, तो राष्ट्राला का नसावा?

ऑस्ट्रेलियाची भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, असे गृहीत धरून ब्रिटिशांनी १७८८ साली तेथे वसाहत केली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते असत्य मोडीत काढले ते १९९२ साली, एडी माबो यांच्या खटल्यात. मधल्या काळात जमिनीबरोबर लेकरेही गेली. १९९७ च्या चौकशी अहवालानुसार १९१० ते १९७० या काळात आदिवासींच्या दहांतील एका ते तिघांतील एका मुलाला सक्तीने घरातून नेण्यात आले. याबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांनी २००८ साली संसदेत क्षमा मागितली.

‘पूर्वजांच्या पापाचे ओझे आम्ही का वाहावे?’ असे तेथे अनेक जण विचारतात. आमच्या शेतकरी वाचकांना याचे उत्तर ठाऊक आहे. वडिलांची जमीन वारसाने आली, की सातबाऱ्यावरचा बोजाही वारसानेच येतो. पीक आपले आणि कर्ज मात्र मेलेल्याचे, असा न्याय कोठे असतो?

‘मिशनऱ्यांचा हेतू चांगला होता,’ असेही सांगितले जाते. असेलही, परंतु हेतूने आईची रिकामी कूस भरत नाही. ती मुले जेथे ठेवली गेली, त्यांतील काही संस्था आपल्याच ख्रिस्तसभेच्या होत्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ साली ओशनियाच्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्रात त्याबद्दल क्षमायाचना केली. त्यामुळे ख्रिस्तसभेचा मान कमी झाला नाही, वाढलाच.

व्हिक्टोरिया राज्याच्या युरूक आयोगाने २०२१ ते २०२५ या काळात आदिवासींच्या साक्षी नोंदविल्या. उलट क्वीन्सलँडमध्ये अशीच चौकशी २०२४ साली नव्या सरकारने बंद केली. त्याआधी, २०२३ च्या सार्वमतात, आदिवासींना संसदेपुढे आपले म्हणणे मांडणारे मंडळ देण्याचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतदारांनी फेटाळला. ज्यांचे ऐकायचेच नाही, त्यांच्याशी समेट कसा होणार?

जक्कय केवळ खंत व्यक्त करून थांबला नाही. लुबाडलेले चौपट परत करण्यास तो सिद्ध झाला. आपल्या समाजातील काही कुटुंबे आज ऑस्ट्रेलियात स्थायिक आहेत. त्या भूमीचे पीक तीही खातात. म्हणून तिच्या बोजाची चौकशी करणे हे त्यांचेही कर्तव्य आहे, असे आम्ही नम्रपणे, परंतु ठामपणे म्हणतो.