कित्ता कोणाचा गिरवावा?

परदेशच्या शेतीची गोष्ट निघाली म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंत अमेरिकेतील यंत्रांचे गुणगान प्रथम होते. ते अगदीच अनाठायी आहे असे नव्हे. परंतु अमेरिकन व युरोपीय शेतकऱ्यांच्या वृत्तीत व कामाच्या रीतीत जो भेद आहे, तो जाणल्यावाचून कोणाचा कित्ता गिरवावा हे ठरविता येणार नाही.

अमेरिकेत जमीन अमाप व माणसे थोडी. सन १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणारास १६० एकरांपर्यंत जमीन जवळजवळ फुकट मिळे. मजूर मात्र दुर्मिळ. म्हणून मॅकॉर्मिकच्या कापणी यंत्रासारखी साधने तेथे झपाट्याने पसरली. स्वतः खपावे, जुने टाकण्यास कचरू नये आणि जमीन निकस झाल्यास पुढे सरकावे, असा तेथील स्वभाव बनला. संकरित मक्याचे बी आयोवा राज्यात १९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक सर्व शेतांत पोचले, हे या तत्परतेचे फळ होय. उलट त्याच दशकात अवर्षण पडताच मैदानी प्रदेशातील बेसुमार नांगरलेली माती वाऱ्यावर उडून गेली, हे उतावळेपणाचे फळ होय.

आता डेन्मार्क पाहा. तेथे जमीन मोजकी. १८७० नंतर परदेशचे स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात उतरले, तेव्हा तेथील शेतकऱ्याने धान्य विकण्याऐवजी ते जनावरांस घालून लोणी व डुकराचे मांस विकण्याचा मार्ग धरला. १८८२ साली पश्चिम युटलंडमध्ये पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. अशा संस्थांत नफा दुधाच्या प्रमाणात वाटीत. मत मात्र दर माणशी एकच, मग गाई दोन असोत वा पन्नास. काटेकोर हिशेब व शेजाऱ्यावर विश्वास, हेच त्यांचे भांडवल.

अमेरिकेत सहकार नाही किंवा युरोपात यंत्रे नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न आपल्या स्थितीचा आहे. २०२२ च्या गणनेप्रमाणे अमेरिकेतील सरासरी शेत ४६३ एकरांचे. महाराष्ट्रातील सरासरी धारणा २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर. एवढ्या जमिनीवर एकट्याने कर्ज काढून ट्रॅक्टर आणणे म्हणजे यंत्राने जमीन नव्हे, तर मालकच नांगरून काढणे होय. सहकार आपणांस परका नाही. १९५० साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनीच साखर कारखाना उभारून दाखविला आहे.

तेव्हा अमेरिकनाकडून अंगमेहनतीची लाज न बाळगणे व नव्या बियाण्याची तत्परतेने परीक्षा करणे शिकावे. हिशेब व एकोपा मात्र डेन्मार्ककडून घ्यावा. येत्या हंगामापूर्वी गावातील दहा खातेदारांनी एकत्र बसावे, भाडे, इंधन व व्याज यांचा आकडा कागदावर मांडावा आणि मगच यंत्राचा सौदा करावा, इतकीच आमची विनंती आहे.