दिवाळे न्यूयॉर्कचे, ब्रेक बोईसरला

२००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टातून भारत सुखरूप पार पडला, असे आमचे अर्थपंडित आजही अभिमानाने सांगतात. पुरावा म्हणून विकासदर पुढे केला जातो. २००७-०८ मध्ये ९ टक्क्यांच्या घरात असलेला हा दर २००८-०९ मध्ये, तत्कालीन आकडेवारीनुसार, ६.७ टक्क्यांवर आला, बुडाला नाही. या सुखरूपतेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र या पंडितांना पडत नाही. तो पडण्यासाठी त्यांना बोईसर स्थानकावर उतरावे लागेल.

अरिष्टाचे मूळ गूढ नव्हते. १९२९ च्या मंदीने पोळलेल्या अमेरिकेने १९३३ मध्ये कायदा करून ठेवीदारांच्या बँका आणि रोख्यांचा सट्टा यांच्यात भिंत उभारली होती. वित्तभांडवलाच्या आग्रहाने ती १९९९ मध्ये पाडण्यात आली. पुढे स्वस्त पैशाचा पूर आला. फेडण्याची ऐपत नसलेल्यांना घरकर्जे वाटली गेली, त्या कर्जांची गाठोडी बांधून त्यांवर पतमापन संस्थांनी उत्तम दर्जाचा शिक्का मारला, आणि ती जगभर खपविली गेली. घरांचे भाव कोसळले तेव्हा गाठोडी सोडून पाहिली गेली. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळे काढले. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीसाठी अमेरिकी सरकारने ८५ अब्ज डॉलरची थैली मोकळी केली. ऑक्टोबरात आणखी ७०० अब्जांची तरतूद झाली. खासगी मालमत्तेचे पावित्र्य सांगणाऱ्यांनी तोट्याचे असे बिनदिक्कत राष्ट्रीयीकरण केले. त्याच एआयजीने मार्च २००९ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना सुमारे साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस वाटले!

बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. (तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला तो २०१४ मध्ये.) त्यांतील पुष्कळांचा माल थेट किंवा आडमार्गाने परदेशी मागणीवर अवलंबून. बँकांचा एकमेकींवरचा विश्वास उडताच निर्यातीची पतपत्रे अडकली आणि ऑक्टोबर २००८ पासून देशाची निर्यात घसरू लागली. वर्षाच्या मध्याला शिखरावर असलेले पोलादाचे भाव वर्षअखेरीस कोसळले. चढ्या भावाने कच्चा माल भरून ठेवणारा कात्रीत सापडला. लहान कारखानदाराची अडचण खोटी नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती अडचण ढकलून द्यायला त्याच्यापाशी हक्काची जागा होती: गेटबाहेर उभा असलेला ठेकेदार.

कायम कामगाराला घरी बसवायचे तर कायदा आडवा येतो. निदान पन्नास कामगारांच्या कारखान्यात तरी कामबंदीच्या काळात निम्मे वेतन द्यावे लागते. कपातीला नोटीस आणि नुकसानभरपाई लागते. ठेकेदाराच्या माणसाला ‘ब्रेक’ दिला की काम भागते. त्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत; ते खोडायला ना नोटीस लागते, ना कारण. जव्हार-विक्रमगडचा आदिवासी तरुण ब्रेक मिळताच गावच्या वरकस जमिनीकडे परततो. चाळीतल्या एका खोलीत सहाजणांसह राहणारा बिहारचा मजूर जनरल डब्यातून मुलखाची वाट धरतो. कोणत्याही नोंदीत दोघेही बेकार ठरत नाहीत.

श्रम ब्यूरोच्या पाहणीने ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीनच महिन्यांत सुमारे ५ लाख रोजगार गेल्याचा अंदाज काढला. खाणी, कापड, धातू, वाहने, जवाहीर, बांधकाम, वाहतूक आणि संगणकसेवा ही आठ क्षेत्रे त्यासाठी निवडली होती. तारापूरचा कणा असलेली रसायने त्यांत नव्हतीच. जे मोजलेच गेले नाही ते गमावले असे सिद्ध तरी कसे व्हावे?

सरकार स्वस्थ बसले होते असे नव्हे. ७ डिसेंबर २००८ रोजी उत्पादनशुल्कात सरसकट ४ टक्क्यांची कपात झाली; रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आला. काढलेल्या माणसाला परत कामावर घ्या, एवढी एका ओळीची अट मात्र त्या सवलतींना जोडली गेली नाही. आणि ठेवीदारांचा धीर टिकला तो कोणाच्या बळावर? १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या, आणि ज्यांच्या खासगीकरणाचा धोशा अजूनही थांबलेला नाही, त्या सरकारी बँकांच्या.

वस्तुतः या अनुभवानंतर कंत्राटी कामगाराचे संरक्षण वाढायला हवे होते. घडले उलटेच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या श्रमसंहितांनी कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. कंत्राटी कामगारांच्या कायद्याची २० ची मर्यादा महाराष्ट्राने अगोदरच ५० केली होती. आता ती देशभर लागू झाली. तारापूरचे बहुसंख्य कारखाने लहान-मध्यम आहेत. ही उंबरठ्याची उंची कोणासाठी वाढविली, हे सांगायला अर्थपंडित नको.

दोष केवळ सरकारचा आणि मालकांचाच आहे, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. कायम कामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे आपले वेतनकरार पदरात पाडून घेतले, आणि त्याच यंत्रावर त्याच पाळीत राबणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाकडे पाठ फिरवली. त्याची वर्गणी नियमित येत नाही, तो आज आहे तर उद्या नाही, ही सबब ऐकायला मिळते. तो उद्या का नसतो, हे तर संघटनेला मालकाइतकेच ठाऊक आहे. पुढचे दिवाळे कोणत्या शहरात निघेल ते कोणी सांगावे. पण त्याआधी ठेकेदारांच्या वह्यांतील नावे संघटनेच्या वहीत उतरवून घेण्याचे काम बोईसरच्या कार्यकर्त्यांपुढे पडून आहे.