युरेनियमचा 'फोटो' आणि ४५चा आकडा

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत युरेनियमची अणुकेंद्रके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली आणि त्या धडकेतून उडालेल्या कणांवरून केंद्रकाचा आकार काढला. हा निबंध नोव्हेंबर २०२४मध्ये 'नेचर'मध्ये आला, तेव्हा 'अणुकेंद्रकाचा फोटो' म्हणून त्याचे कौतुक झाले. काम मोलाचेच आहे. पण युरेनियम-२३८चे केंद्रक चेंडूसारखे गोल नसून लांबट आहे, ही काही नवी बातमी नव्हती. अशा 'विरूपित' केंद्रकांचे गणित आगे बोर, बेन मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांनी १९५०च्या दशकात मांडले. त्यांना १९७५चे नोबेलही मिळाले.

फोटो न काढता आकार कळला कसा? केंद्रकाला ऊर्जा देऊन. पुंज भौतिकीच्या नियमांनुसार पूर्ण गोल केंद्रकाला फिरणे म्हणून नसतेच. लांबट केंद्रक मात्र भोवऱ्यासारखे फिरू शकते आणि तेही ठरावीक पायऱ्यांनी. युरेनियम-२३८च्या पहिल्या तीन पायऱ्या अंदाजे ४५, १४८ आणि ३०७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहेत. फिरत्या दांड्याचे पुस्तकी सूत्र लावले, तर ४५नंतर १५० आणि ३१४ यायला हवेत. इतका जवळचा मेळ निव्वळ योगायोगाने बसत नाही. याउलट शिसे-२०८ हे गोल केंद्रक. त्याची पहिलीच उत्तेजित अवस्था २,६१५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे.

या पायऱ्या मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे जड आयनांचा झोत केंद्रकाजवळून न्यायचा. स्पर्शही होऊ द्यायचा नाही, विद्युत धक्क्यानेच केंद्रक फिरू लागते. ते शांत होताना गॅमा किरण सोडते आणि शोधक यंत्रे तेच टिपतात.

ही हौस म्हणून जमवलेली आकडेवारी नाही. कल्पक्कमच्या ५०० मेगावॉटच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीचा गाभा भरायला मार्च २०२४मध्ये सुरुवात झाली. अशा भट्टीत न्यूट्रॉन मुद्दाम वेगवान ठेवले जातात आणि गाभ्यात व भोवतीच्या आवरणात युरेनियम-२३८ ठासून भरलेले असते. इथे ती ४५ची पायरी आडवी येते. पायरी इतकी खाली असल्याने बेताच्या वेगाचा न्यूट्रॉनसुद्धा केंद्रकाला फिरवून आपली ऊर्जा गमावून बसतो. वरच्या पायऱ्यांवर तर तो एका धडकेत बरेच काही गमावतो. युरेनियम-२३८ सहजी फुटायला लागते तेवढी, म्हणजे साधारण दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरची ऊर्जा मग त्याच्याकडे उरत नाही. किती न्यूट्रॉन असे मंदावतात, यावर भट्टीचे सगळे गणित हलते.

आणि नेमके हेच आकडे वेगवेगळ्या देशांच्या माहितीसंचांत फार काळ जुळत नव्हते. कारण साधे, पण चिवट आहे. ४५च्या पायरीवरून उतरणारे केंद्रक गॅमा किरण क्वचितच सोडते; शेकडो वेळा ती ऊर्जा अणूतल्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला देऊन त्याला बाहेर फेकते. सुटलेला थोडासा गॅमा किरण युरेनियमच्या नमुन्यातच शोषला जातो. त्यामुळे बेल्जियममधल्या गील इथे युरोपीय संशोधकांनी न्यूट्रॉनच्या झोतात युरेनियम ठेवून वरच्या पायऱ्यांचे किरण मोजले. खालच्या पायरीचा हिशेब सिद्धान्ताच्या आधारानेच पुरा करावा लागतो. माझ्या मते इथे फोटोचा उपयोग नाही. तो केंद्रकाची मूळ, शांत अवस्था दाखवतो. भट्टीला हवे आहे ते केंद्रक किती वेळा आणि कितव्या पायरीवर चढते याचे उत्तर.

ते उत्तर तुलनेने लहान यंत्रांवरून येते. त्या जातीचे एक यंत्र मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे: १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला पेलेट्रॉन. फिरत्या केंद्रकांचे गॅमा किरण टिपणारा 'इंगा' हा जर्मेनियम शोधकांचा संचही तिथे बसवला जातो. तो देशात मुंबई, दिल्ली आणि कोलकाता यांच्यात आळीपाळीने वापरायचा असतो. एका केंद्राची पाळी सुरू असताना बाकी दोघांनी थांबायचे. अणुऊर्जेच्या मोठ्या योजनांवर चर्चा होते तेव्हा या थांबण्याचा खर्च कुणी मांडत नाही.