शिक्षा उठाबशांची, बक्षीस चॉकलेटचे!

यंदा गणपतीत आमच्या नातीने मला निरुत्तर केले. ती सातवीत आहे. "उद्या सकाळी माझ्याबरोबर टेकडीवर पळायला येतेस का?" असे मी तिला मोठ्या उत्साहाने विचारले. ती दचकून म्हणाली, "का आजोबा? मी काय केलं?"

प्रथम मला हसू आले. मग उलगडा झाला. तिच्या शाळेत वर्गात कोणी बडबड केली, की मैदानाला दोन फेऱ्या. गृहपाठ विसरला, की उठाबशा. उलट, स्पर्धेत नंबर आला की चॉकलेट! पळणे ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, हा धडा पहिलीपासून गिरवलेली पोरे मैदानाकडे पाठ फिरवतात, यात नवल ते काय? खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचे ऑलिंपिक पदक आणले, ते याच महाराष्ट्रात. पैलवान ज्या बैठका हौसेने मारतो, त्याच आमची मुले कान धरून काढतात!

शाळेवर खापर फोडून मी मोकळा झालो असतो. परंतु हाच अभ्यासक्रम आम्ही घरीही चालवतो. "गणितात गुण कमी? खेळ बंद!" हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, त्या घराला माझा साष्टांग नमस्कार! आणि "पहिली ये, मग पिझ्झा," हे आमिष तर मीच दाखवलेले आहे. शिवाय मुलगी बाराची झाली, की "आता पुरे उंडारणे," ही जादा शिक्षा आहेच. तिचा गुन्हा कोणता?

कायदे नाहीत असे नाही. शाळेला मैदान हवे आणि मुलांना शारीरिक शिक्षा नको, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. चरबी, साखर वा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरांच्या आत विकू नयेत, असा 2020 चा नियम आहे. पण एक्कावन्नाव्या मीटरला आमचा खिसा सुरू होतो, त्याचे काय? या वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे तरी चांगला दम लागेपर्यंत खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. इकडे परीक्षा जवळ आली, की वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताच्या घशात जातो!

"मग दिवाळीत लाडू-चकल्याही सोडायच्या की काय?" असे फराळाच्या ताटावरून कोणी विचारील. मुळीच नाही! लाडू सणाला येतो आणि सणाबरोबर जातो. थंड पेयाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. आणि त्या बाटलीला तिथी-वार काही लागत नाही.

माझे मागणे दोनच आहे. व्यायाम शिक्षा म्हणून देऊ नका आणि खेळ शिक्षा म्हणून तोडू नका. शाळेच्या पालकसभेत हे मी बोलणार आहे. आपणही आपापल्या शाळेत बोला.

आमच्यापुरती सुरुवात झाली आहे. यंदा बाजारातला तयार किल्ला आणलेला नाही. नात चार दिवस घमेल्याने माती वाहते आहे, बुरूज लिंपते आहे, पाण्यासाठी जिने चढते-उतरते आहे. काल घामाघूम होऊन ती आली आणि तिने दोन चकल्या मागितल्या. मी तीन दिल्या. बक्षीस म्हणून नव्हे, तिला भूक लागली होती म्हणून.